जगात जर्मनी, भारतात परभणी: पाण्यातल्या साक्षीदारांची गोष्ट

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण ज्याने ऐकली नाही असा मराठवाड्याचा माणूस शोधूनही सापडायचा नाही. पुण्यात आयटीत आलेल्या आम्हा परभणीकरांना तर ती दर महिन्याला कुणी ना कुणी ऐकवतंच, आणि आम्हीही ती अशा थाटात झेलतो की जणू बर्लिनची एस.टी. परभणीच्या स्टँडवरूनच सुटते :) म्हण आली कुठून यावर जितकी तोंडं तितक्या कथा आहेत, त्यांच्या नादी आज लागत नाही. पण गेले काही शनिवार-रविवार मी ज्या वाचनात बुडालो होतो, त्यात जर्मनी आणि परभणी खरोखरच समोरासमोर आले.

तर मंडळी, आजचा प्रश्न असा: पाणी किती घाण झालंय हे पाण्यातल्याच बारीक जिवांना विचारता येतं का? आणि विचारलं, तर त्यांचं उत्तर कुणाला कळतं?

आधी हे जीव कोण ते सांगतो. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे, १९६८ साली पुरं झालेलं. तिथलं शंभरेक लिटर पाणी अगदी बारीक विणीच्या कापडातून गाळा. तळाशी जो चमचाभर ऐवज उरेल त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलात की एक अख्खी बाजारपेठ दिसते. त्यात मुख्य घराणी तीन. पहिले रोटिफर: साध्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल न दिसेल एवढे, तोंडाभोवती केसांचं कडं असलेले. ते केस हलतात तेव्हा चाक फिरल्याचा भास होतो, म्हणून हे नाव. दुसरे क्लॅडोसेरा: त्यातल्या डॅफ्निया आणि मॉइना या पाणपिसवा, उड्या मारत पोहणाऱ्या. तिसरे कोपेपॉड: त्यात सायक्लॉप्स, कपाळावर एकच डोळा असलेला, म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचं नाव मिळालेला. या सगळ्यांना मिळून म्हणतात प्राणिप्लवक. प्रवाहाविरुद्ध पोहायची ताकद नाही, पाणी नेईल तिकडे जायचं.

आता यांना साक्षीदार का म्हणायचं? बाटलीत पाणी भरून लॅबला पाठवलं की त्या मिनिटाचं पाणी कळतं. आमच्या धंद्याच्या भाषेत तो स्क्रीनशॉट. नाल्यातून रात्री दोनला काही सोडलं, ते वाहून गेलं आणि तुम्ही सकाळी दहाला बाटली भरलीत, तर स्क्रीनशॉट एकदम स्वच्छ! प्राणिप्लवक म्हणजे लॉग फाइल. रोटिफरची पिढी काही दिवसांत उलटते, उबदार पाण्यात डॅफ्निया आठवडा-दहा दिवसांत अंड्यांवर येते. त्यामुळे आज कोण किती संख्येने हजर आहे आणि कोण गायब आहे, यात मागच्या काही आठवड्यांचा हिशोब असतो. सांडपाणी आलं, ते कुजायला लागलं, पाण्यातला ऑक्सिजन उतरला, की नाजूक मंडळी आधी जातात आणि निबर मंडळी फोफावतात. मॉइना तर सांडपाण्याच्या डबक्यातही मजेत असते. डॅफ्नियाचं आणखी भारी आहे. ऑक्सिजन कमी पडला की ती अंगात हिमोग्लोबिन वाढवते आणि चक्क लालसर दिसायला लागते. एरवी काचेसारखी पारदर्शक असलेली पिसू लाल झाली, म्हणजे पाण्याने तक्रार नोंदवली असं समजायचं.

ही तक्रार वाचायला माणूस शिकला कसा, तो इतिहास फार मजेशीर आहे.

१६७४ साली डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुकने जवळच्या तळ्याचं पाणी आपल्या भिंगाखाली धरलं. उन्हाळ्यात त्या तळ्यावर हिरवट ढग यायचे आणि गावकरी म्हणायचे, हे दवामुळे होतं. लेव्हेनहुकला त्यात हिरव्या गुंडाळ्या आणि वळवळणारे जीव दिसले. पण पाहणं वेगळं आणि त्यावरून निष्कर्ष काढणं वेगळं. ती पायरी यायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जावी लागली, आणि ती आली पटकीच्या साथींच्या काळात. १८५० मध्ये लंडनचे डॉक्टर आर्थर हॅसल यांनी शहरातल्या पाणी कंपन्यांच्या पाण्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि त्यात काय काय पोहतंय याची चित्रंच छापली. लोकांची झोप उडाली. त्याच वर्षी 'पंच' साप्ताहिकाने लंडनच्या पाण्याच्या थेंबावर व्यंगचित्र काढलं. तीनच वर्षांनी, १८५३ मध्ये, ब्रेस्लाउ शहरात (आज पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) फर्डिनांड कोन याने पिण्याच्या पाण्यातल्या जिवांवर निबंध लिहिला: कुजकं जिथे आहे तिथे कुजकं खाणारे जीव असणार, म्हणजे जीव पाहून पाण्याची परीक्षा करता येईल.

यानंतर जर्मनीने हा विषय जवळजवळ ताब्यातच घेतला. १८८७ मध्ये कील विद्यापीठाच्या व्हिक्टर हेन्सनने 'प्लँक्टन' हा शब्द दिला, ग्रीक भाषेतल्या 'भटकणारा' या अर्थाच्या शब्दावरून. हेन्सनचं डोकं हिशोबनिसाचं होतं. शेताचं पीक मोजतात तसं समुद्राचं पीक मोजायचं, असा त्याचा ध्यास. त्यासाठी जाळ्याला कापड कुठलं? तर गिरणीवाले पीठ चाळायला वापरत ते बारीक रेशमी कापड! अर्न्स्ट हेकेलसारख्या बड्या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये या मोजामोजीवर कडक टीका केली. पण मोजामोजी टिकली. तिकडे अमेरिकेत त्याच सुमारास सेजविक आणि राफ्टर या दोघांनी पिण्याच्या पाण्यातले जीव मोजायची पद्धत बसवली. त्यांच्या नावाची एक मिलिलिटर पाणी मावणारी काचेची चौकट आजही आपल्याकडच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळेत असते. पन्नास मिलिमीटर लांब, वीस रुंद, एक खोल. झालं एक मिलिलिटर.

आणि मग आले आपल्या गोष्टीचे जर्मन नायक: कोल्कविट्झ आणि मार्सन. बर्लिनमध्ये पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांची तपासणी करणारी सरकारी संस्था होती, तिथली ही जोडी. १९०२ मध्ये त्यांनी तत्त्वं मांडली, १९०८ मध्ये वनस्पतींची यादी दिली आणि १९०९ मध्ये प्राण्यांची. कल्पना साधी होती. नदीला गटार मिळतं, तिथून खाली चालत जा. आधी अत्यंत कुजका पट्टा, मग मध्यम कुजके दोन पट्टे, मग पुन्हा स्वच्छ पट्टा. नदी वाहता वाहता स्वतःला धुते. प्रत्येक पट्ट्याचे रहिवासी वेगळे, त्यांची नावं यादीत. जाळं टाका, जीव ओळखा, यादीत बघा आणि सांगा आपण कुठल्या पट्ट्यात उभे आहोत. १९५५ मध्ये पँटल आणि बुक या जर्मन जोडीनेच याला आकड्याचं रूप दिलं. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या व्लादिमीर स्लाडेचेकने १९७३ मध्ये ही सगळी व्यवस्था नव्याने मांडली आणि १९८३ मध्ये खास रोटिफरांवर लिहिताना एक सुटसुटीत सूत्र दिलं: ब्रॅकिओनस या कुळाच्या किती जाती सापडल्या त्याला ट्रायकोसर्का कुळाच्या जातींनी भागा. उत्तर दोनच्या वर गेलं की पाण्यात खतमातीचा आणि मैल्याचा अंश फाजील झालाय असं समजा.

झालं की काम! असं वाटतं ना? थांबा. आता जरा आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे कुणी पाहतच नव्हतं असं मुळीच नाही. मुंबईत लष्कराचे डॉक्टर एच. जे. कार्टर १८४९ मध्ये मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर लिहीत होते. नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी (हो, हिस्लॉप कॉलेजवाले) खडक आणि जीवाश्म गोळा करता करता तळ्यातले बारीक कवचधारी जीवही बाटल्यांत भरत होते. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात नव्या जातींची वर्णनं छापली. त्यातली एक आज 'सायक्लेस्थेरिया हिस्लोपी' म्हणून ओळखली जाते, आणि आपल्या पाणपिसवांच्या वंशावळीत ती सगळ्यात जवळची चुलत बहीण मानतात. म्हणजे नागपूरचं तळं जागतिक यादीत कधीचं आहे! हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदी ओलांडताना बुडून गेले. पुढे १८८९ मध्ये अँडरसन यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या रोटिफरांवर लिहिलं, १९१६ मध्ये कलकत्त्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली. यादी वाढत गेली. पण पाणी चांगलं की वाईट हा प्रश्न या याद्यांना फारसा कुणी विचारत नव्हतं.

सामान्य माणसाला मात्र एक प्लवक चांगलंच ठाऊक होतं, नाव माहीत नसताना. नारू! मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. या जंताची पिल्लं सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात हे १८७० मध्ये फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तान प्रांतात दाखवलं. आपल्याकडे परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (१९२५ पासूनची हाफकिन इन्स्टिट्यूट) तुरखुड यांनी १९१० च्या दशकात नारूवर काम केलं. आमच्याकडे सेलू तालुक्यात वालूरला गोल गोल उतरत जाणारी देखणी बारव आहे. अशा पायऱ्यांच्या विहिरी आज आपण फोटोसाठी बघतो. पण पायऱ्या म्हणजे माणूस पाण्यात उतरणार, पायातला नारू पाण्यात पिल्लं सोडणार, सायक्लॉप्स ती गिळणार आणि घागरीतून परत माणसाकडे. हे चक्र तोडायला रॉकेट लागलं नाही. हातपंप, विहिरीला कठडा, पाण्यात औषध आणि गाळून प्यायचं कापड. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पुढे बांगलादेशात पटकीचे जंतू कोपेपॉडच्या अंगाला चिकटून राहतात हे लक्षात घेऊन जुन्या साडीच्या घड्या करून पाणी गाळायचा प्रयोग झाला. २००३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांप्रमाणे पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आजीचं पाणी गाळायचं फडकं आणि हेन्सनचं जाळं ही एकाच जातीची उपकरणं. फरक इतकाच की आजी गाळलेलं पाणी ठेवून वरचं फेकायची आणि हेन्सन वरचं ठेवून पाणी फेकायचा.

आता आमच्या धरणांकडे. १९९० नंतर, आणि नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाल्यावर तर जास्तच, या भागातल्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आपापल्या जवळचे तलाव वाटून घेतले. नांदेड जिल्ह्यातल्या पेठवडज धरणाच्या प्राणिप्लवकांवर २००५ मध्ये निबंध आला, गंगाखेड तालुक्यातल्या मासोळी जलाशयाच्या पाण्यातल्या ऋतूंनुसार होणाऱ्या बदलांवर २००७ मध्ये. अशा कामाची पद्धत साधारण ठरलेली. दर महिन्याला ठरावीक जागी जायचं, सकाळी पाणी गाळायचं, फॉर्मेलिनमध्ये ठेवायचं, मग त्या एक मिलिलिटरच्या चौकटीत डोळे फुटेस्तोवर मोजायचं. वर्षभर, कधी दोन वर्षं. पीएच.डी.साठी केलेलं म्हणून आपण यावर हसतो. मला विचाराल तर दर महिन्याला न चुकता एकाच जागी जाऊन एकच गोष्ट मोजणं याच्याइतकं कंटाळवाणं आणि मौल्यवान काम दुसरं नाही.

गडबड होते ती शेवटच्या प्रकरणात, जिथे हे आकडे जर्मन पट्टीवर ठेवले जातात. ती पट्टी बनली थंड हवेच्या, बारमाही वाहणाऱ्या नद्यांवर. आमची दुधना उन्हाळ्यात वाळूची असते. आमचं पाणी धरणात साठतं, तापतं, आटतं, आणि आटताना त्यातलं सगळं दाट होत जातं. त्यातून ब्रॅकिओनसच्या जाती उष्ण प्रदेशात मुळातच जास्त असतात. म्हणजे स्लाडेचेकचं सूत्र लावलं की कारखाना नसलेला, गटार नसलेला आडरानातला तलावही दोनच्या वर जाऊ शकतो. साक्षीदार खोटं बोलत नाहीये, आपण त्याची बोली दुसऱ्या गावच्या शब्दकोशात शोधतोय.

दुसरा घोळ माशांचा. १९६५ मध्ये ब्रूक्स आणि डॉडसन यांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या तळ्याचे जुने आणि नवे नमुने ताडून दाखवलं की प्लवक खाणारा मासा आला की मोठे प्राणिप्लवक संपतात आणि बारीक उरतात. पाणी तेच, प्रदूषण नाही, तरी यादी पालटली. आता आमच्या तलावांत मत्स्यबीज कशाचं सोडतात? कटला, रोहू, मृगळ. आणि कटला वरच्या थरात फिरून खातो काय, तर प्राणिप्लवक! म्हणजे डॅफ्निया दिसेनाशी झाली यात दोषी गटार असेल किंवा सोसायटीने सोडलेला कटला. मासेमारी संस्थेचं रजिस्टर न बघता निकाल देणं म्हणजे एकाच साक्षीवर फाशी.

मग हे सगळं सोडून द्यायचं का? अजिबात नाही. आपली पट्टी आपल्यालाच बनवावी लागेल, आणि तिचा कच्चा माल याच प्रबंधांत आहे. मासोळीच्या आजच्या पाण्याची तुलना बर्लिनशी करण्यापेक्षा मासोळीच्याच वीस वर्षांपूर्वीच्या मोजणीशी केली, तीच जागा, तोच महिना, तशीच जाळी, तर प्लवक फार स्पष्ट बोलतील. मराठवाडा विद्यापीठांचे बरेच प्रबंध शोधगंगावर चढलेले आहेत. पण ते स्कॅन केलेल्या पानांत आहेत, तक्ते चित्रासारखे. एका ठिकाणी एका साध्या स्प्रेडशीटमध्ये ते कुणी उतरवले, तर तो मराठवाड्याच्या पाण्याचा पहिला लॉग होईल. हे काम पीएच.डी.वाल्यांपेक्षा तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हातातलं आहे.

सरकारकडून आपोआप होईल या भ्रमात मात्र राहू नका. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, १९७० मध्ये मंडळ नेमलं, केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. पण केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत पिण्याच्या पाण्याचा स्रोत ठरतो तो कोलिफॉर्म जंतू, सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि बीओडी यांवरून. जिवांवरून परीक्षा होते तिथेही भर तळाशी राहणाऱ्या किड्यांवर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात प्राणिप्लवकांचं नाव येतं, पण ते पाण्यात नसावेत असं सांगायला! युरोपने २००० मध्ये पाण्याचं मोठं धोरण आखलं, तलावांसाठी वनस्पतिप्लवक घेतले, मासे घेतले, तळाचे प्राणी घेतले आणि प्राणिप्लवक वगळले. २०११ मध्ये शास्त्रज्ञांना त्यांच्यासाठी रीतसर विनवणी करणारा निबंध लिहावा लागला. म्हणजे ज्या जर्मनीने हा साक्षीदार शोधला, तिच्याच अंगणात त्याचं नाव पुकारलं गेलं नाही.

शेवटी एक गोष्ट, जी वाचून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. दिवस वाईट आले की डॅफ्निया जाड कवचाची अंडी घालते. ती तळाच्या गाळात पडून राहतात, वर्षानुवर्षं. आमची छोटी तळी कोरडी पडतात आणि पावसानंतर पुन्हा जिवांनी भरतात ती अशाच अंड्यांमुळे. जर्मनीच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स सरोवरात शास्त्रज्ञांनी गाळाच्या थरांतली काही दशकं जुनी अंडी काढून उबवली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं की सरोवरात प्रदूषण वाढून विषारी निळं-हिरवं शेवाळ आल्यावर डॅफ्नियाच्या पुढच्या पिढ्या ते शेवाळ पचवायला शिकल्या होत्या. गाळ म्हणजे बॅकअप टेप!

आणि आपण गाळाचं काय करतो? २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. तळ्यातला गाळ शेतात जातो, तळ्यात पाणी जास्त मावतं, शेतकऱ्याला सुपीक माती मिळते. योजना चांगली आहे, दुष्काळी मुलखात तर हवीच. माझं मागणं एवढंच की जेसीबी उतरण्याआधी, जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या पोरांनी एक प्लास्टिकची नळी तळाशी उभी दाबून नळीभर गाळ काढून ठेवावा. थर न मोडता, वर तळ्याचं नाव आणि तारीख लिहून, थंड आणि अंधाऱ्या जागी. नळीचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढा. नाहीतर त्या तळ्याने इतक्या वर्षांत काय काय पाहिलं ते ट्रॉलीत भरून कापसाच्या रानात जाईल, आणि नांगरलेल्या मातीतून थर परत लावता येत नाहीत.

असो. तुमच्या गावचं तळं या उन्हाळ्यात उपसणार असेल तर तारीख कळवा. मी नळी घेऊन येतो.